प्रोसेसर आणि आवाज: इन्स्टॉल स्क्रिप्टनं मशीनला नेमकं काय विचारावं?

इन्स्टॉलेशन सुरळीत पार पडलं होतं. एकही एरर नाही, शेवटी ‘पूर्ण झालं’ अशी ओळ. प्रोग्रॅम उघडला आणि टर्मिनलवर दोनच शब्द उमटले: ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’. प्रोग्रॅम कोणत्या आकड्यावर संपला ते शेलला (आपल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) विचारलं, तर उत्तर आलं १३२.

हा आकडा बोलका आहे. एखादा प्रोग्रॅम सिग्नलमुळे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमनं धाडलेल्या इशाऱ्यामुळे, मेला की शेल त्या सिग्नलच्या क्रमांकात १२८ मिळवून सांगतं. १३२ मधून १२८ गेले, उरले ४. लिनक्सवर चौथा सिग्नल म्हणजे ‘सिगइल’. प्रोसेसरच्या हातात अशी आज्ञा पडली जी त्याला येतच नाही, एवढाच त्याचा अर्थ.

घडलं होतं ते असं. आवाजावर प्रक्रिया करणारा एक प्रोग्रॅम मी नव्या मशीनवर सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधला आणि पुढे तीच डिस्क काढून जुन्या मशीनला जोडली. बांधताना इन्स्टॉल स्क्रिप्टनं, म्हणजे ही कामं ओळीनं करणाऱ्या कमांडांच्या फाइलनं, कंपायलरला (कोडचं प्रोसेसरच्या आज्ञांत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला) ‘-मार्च=नेटिव्ह’ हा पर्याय दिला होता. म्हणजे, ‘समोरच्या प्रोसेसरला जे जे येतं ते सगळं वापर’. नव्या प्रोसेसरला एव्हीएक्स२ (एकाच आज्ञेत अनेक आकडे हाताळायची सोय) येत होतं, जुन्याला येत नव्हतं. स्क्रिप्टनं तपासणी केली होती आणि तिला मिळालेलं उत्तर शंभर टक्के बरोबर होतं. फक्त प्रोग्रॅम जिथे चालायचा होता, त्या मशीनबद्दलचं ते उत्तर नव्हतं.

प्रोसेसर आणि साउंड कार्ड ओळखणाऱ्या स्क्रिप्टा वाचताना मला हाच दोष पुन्हापुन्हा सापडतो. उत्तर खरं असतं, प्रश्न चुकलेला असतो. म्हणून या लेखात कमांडांची जंत्री देण्यापेक्षा प्रश्न नीट लावून देतो.

प्रोसेसरला काय येतं

आधी हे सगळं कशासाठी करायचं ते पाहू. डिजिटल आवाज म्हणजे आकड्यांची रांग. ४८ किलोहर्ट्झच्या रेकॉर्डिंगमध्ये एका चॅनलसाठी एका सेकंदाला ४८,००० आकडे येतात. आवाज निम्मा करायचा तर त्यातल्या प्रत्येक आकड्याला अर्ध्यानं गुणायचं. साध्या आज्ञेनं हे गुणाकार एकेक करून होतात. एसएसई या सोयीचं रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरमधला आकडे ठेवायचा कप्पा, १२८ बिटांचं असतं, त्यात ३२ बिटांचे चार आकडे मावतात आणि एका आज्ञेत चौघांचा गुणाकार उरकतो. एव्हीएक्सचं रजिस्टर २५६ बिटांचं, तिथे आठ मावतात. इको, इक्वलायझर, गोंगाट काढणं ही सगळी कामं म्हणजे असलेच लाखो गुणाकार-बेरजा. प्रोसेसर ओळखण्याची एवढी धडपड चालते ती यासाठी.

एक्स८६, म्हणजे इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरांच्या, घराण्यात या सोयी टप्प्याटप्प्यानं आल्या. १९९७ मध्ये एमएमएक्स, १९९८ मध्ये एएमडीचं थ्रीडी-नाऊ, १९९९ मध्ये पेंटियम ३ सोबत एसएसई, २००० मध्ये पेंटियम ४ सोबत एसएसई२, २०११ मध्ये एव्हीएक्स, २०१३ मध्ये एव्हीएक्स२. ६४ बिटांच्या प्रत्येक एक्स८६ प्रोसेसरला एसएसई२ येतंच, तिथे विचारायची गरज नाही. त्याच्या पुढचं सगळं विचारूनच वापरावं लागतं.

विचारायचं कसं? १९९३ मध्ये पेंटियमसोबत ‘सीपीयूआयडी’ ही आज्ञा रूढ झाली. त्याआधीच्या प्रोग्रॅमना आडवाटेनं जावं लागे. फ्लॅग रजिस्टरमधला १८ क्रमांकाचा बिट बदलून पाहायचा. बदलला नाही तर ३८६, बदलला तर निदान त्यापुढचा ४८६ प्रोसेसर. त्याच रजिस्टरमधला २१ क्रमांकाचा बिट बदलता आला तर सीपीयूआयडी उपलब्ध आहे असं समजायचं. मला ही जुनी पद्धत आजही फार आवडते, कारण तिच्यात प्रोसेसरचं नाव विचारलेलंच नाही. काम सांगून पाहिलं, जमलं की नाही ते बघितलं.

सीपीयूआयडीला शून्य हा क्रमांक देऊन विचारलं की बनवणाऱ्याची खूण बारा अक्षरांत मिळते, ‘जेन्युइनइंटेल’ किंवा ‘ऑथेंटिकएएमडी’ अशी. एक हा क्रमांक दिला की क्षमतांचे बिट मिळतात. ईडीएक्स रजिस्टरमध्ये २३ व्या बिटावर एमएमएक्स, २५ वर एसएसई, २६ वर एसएसई२, आणि ईसीएक्समध्ये २८ वर एव्हीएक्स. बिट १ असेल तर येतं, ० असेल तर येत नाही.

शेल स्क्रिप्टला मात्र ही आज्ञा थेट देता येत नाही. लिनक्सवर ती ‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’ ही फाइल वाचते. कर्नलनं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानं, बूट होताना जे विचारून घेतलं ते तिथे मजकुराच्या रूपात असतं. ‘फ्लॅग्ज’ अशी सुरुवात असलेल्या लांबलचक ओळीत एफपीयू, एमएमएक्स, एसएसई, एसएसई२ अशी छोटी छोटी नावं ओळीनं येतात. आता ‘ग्रेप’ ही शब्द शोधणारी कमांड लावली की झालं, असं वाटतं. खरी मेख इथेच आहे.

एसएसई३ चं उदाहरण घ्या. प्रोसेसरला एसएसई३ येतं का, हे पाहायला एखाद्यानं त्या ओळीत ‘एसएसई३’ शोधलं. पण लिनक्सनं त्या सोयीला ते नाव दिलेलंच नाही. ती ‘पीएनआय’ म्हणून नोंदवलेली असते, कारण ती प्रेस्कॉट या सांकेतिक नावाच्या पेंटियम ४ मध्ये आली आणि सुरुवातीला तिला ‘प्रेस्कॉट न्यू इन्स्ट्रक्शन्स’ म्हणत. म्हणजे प्रेस्कॉटवरच ही स्क्रिप्ट चालवली तर उत्तर येतं ‘नाही’, आणि ते चूक. तीच स्क्रिप्ट कोअर २ वर चालवली तर उत्तर येतं ‘आहे’. का? कारण कोअर २ ला ‘एसएसएसई३’ नावाची वेगळीच, पुढची सोय येते, आणि त्या नावाच्या पोटात ‘एसएसई३’ ही अक्षरं आहेत. उत्तर बरोबर निघालं, पण निव्वळ योगायोगानं. लिहिणाऱ्याच्या मशीनवर सगळं ठीक दिसतं म्हणून अशी चूक वर्षानुवर्षं सापडत नाही.

त्यामुळे ग्रेपला ‘-डब्ल्यू’ हा पर्याय देऊन पूर्ण शब्दच जुळवायचा, आणि कर्नल त्या सोयीला काय म्हणतो ते आधी बघून घ्यायचं. ६४ बिटांची क्षमता सांगणारा ‘एलएम’ हा फ्लॅगही असाच आहे. ‘-डब्ल्यू’ न देता शोधलं तर तो ‘एलएएचएफ_एलएम’ या भलत्याच फ्लॅगमध्येही सापडतो.

मोबाइलमध्ये असतात तसल्या एआरएम प्रोसेसरवर तर ही ओळच वेगळी. तिथे ‘फ्लॅग्ज’ नाही, ‘फीचर्स’ असतं. ३२ बिटांच्या एआरएम लिनक्सवर आकड्यांच्या झुंडीवर काम करणारी सोय ‘निऑन’ म्हणून दिसते, ६४ बिटांवर तीच ‘एसिमडी’ म्हणून. फक्त ‘निऑन’ शोधणारी स्क्रिप्ट नव्या, जास्त ताकदीच्या प्रोसेसरला नापास करते.

काही जण हा सगळा व्याप टाळून मॉडेलच्या नावावर निर्णय घेतात. अमुक पिढीचा प्रोसेसर आहे, म्हणजे एव्हीएक्स असणारच. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. कोअर मालिकेच्या चिपना २०११ पासून एव्हीएक्स आलं, पण त्याच पिढीच्या पेंटियम आणि सेलेरॉन नावाच्या चिपमध्ये ते दिलेलं नव्हतं, आणि पुढच्या कित्येक पिढ्या हेच चालू राहिलं. उलट दिशेनंही फसगत होते. २०२१ च्या अल्डर लेक चिपमधल्या मोठ्या कोअरमध्ये एव्हीएक्स-५१२ चं सामान होतं, छोट्या कोअरमध्ये नव्हतं, म्हणून इंटेलनं ते बंदच ठेवलं. नाव आणि पिढी लॉगमध्ये छापायला ठीक आहे, निर्णय फ्लॅगवरच घ्यायचा.

प्रोसेसर हो म्हणतो, ऑपरेटिंग सिस्टिम काय म्हणते?

हा भाग बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. प्रोसेसरला एव्हीएक्स येतं एवढ्यानं भागत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम एका प्रोग्रॅमला थांबवून दुसऱ्याला संधी देते तेव्हा पहिल्याची रजिस्टरं जपून ठेवते. एव्हीएक्सची रजिस्टरं २५६ बिटांची, आणि जुन्या सिस्टिमला त्यातले १२८ च माहीत. उरलेला अर्धा भाग दुसऱ्या प्रोग्रॅमनं पुसला तर? म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमनं आधी ‘मला ही रजिस्टरं सांभाळता येतात’ असं जाहीर करावं लागतं. लिनक्सवर हे २००९ च्या २.६.३० या कर्नलपासून आहे, विंडोज ७ वर २०११ च्या सर्व्हिस पॅक १ पासून. सी किंवा असेंब्लीत स्वतः तपासणी लिहिणाऱ्यानं एव्हीएक्सच्या बिटासोबत २७ क्रमांकाचा ‘ओएसएक्ससेव्ह’ बिट पाहायचा आणि मग ‘एक्सगेटबीव्ही’ या आज्ञेनं खात्री करायची. सीपीयूइन्फो वाचणाऱ्या स्क्रिप्टचं काम इथे हलकं होतं, कारण कर्नलला न पेलणारी सोय तो त्या ओळीतून सहसा काढूनच टाकतो.

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरनं उभ्या केलेल्या संगणकात, तिसरा माणूस मध्ये येतो. खालच्या खऱ्या प्रोसेसरला एव्हीएक्स२ येत असलं तरी हायपरव्हायझर (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम) ते वरच्या मशीनपासून लपवू शकतो. चालू मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर हलवायचं तर दोघांना समान असेल तेवढंच दाखवणं त्याला सोयीचं पडतं. अशा वेळी ‘खरा प्रोसेसर कोणता’ हे शोधून काढणारी हुशार स्क्रिप्ट नुकसानच करते. जे दाखवलंय तेवढंच आपलं.

‘यूनेम -एम’ या कमांडचं उत्तरही असंच जपून घ्यायचं. ती कर्नलचा प्रकार सांगते: एक्स८६_६४, एआर्च६४, आय६८६ वगैरे. ६४ बिटांच्या कर्नलवर ३२ बिटांचे प्रोग्रॅम आणि लायब्रऱ्या बसवलेल्या असू शकतात. रास्पबेरी पायच्या ३२ बिटांच्या सिस्टिमवर ही स्थिती नेहमी दिसते. तिथे यूनेम ‘एआर्च६४’ म्हणतं, आणि त्यावर विसंबून ६४ बिटांचा प्रोग्रॅम उतरवला की तो सुरूच होत नाही. ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ विचारलं तर ३२ असं उत्तर येतं, आणि आपल्या कामाचं तेच असतं. मॅकवर एआरएम चिपला लिनक्सप्रमाणे एआर्च६४ न म्हणता ‘एआरएम६४’ म्हणतात. स्क्रिप्ट रोझेटामधून (एक्स८६ चे प्रोग्रॅम एआरएमवर चालवणाऱ्या अनुवादकातून) चालत असेल तर एआरएमचं मशीन स्वतःला एक्स८६_६४ म्हणवून घेतं. तिथे ‘सिसकंट्रोल’ला ‘प्रॉक_ट्रान्सलेटेड’ विचारायचं. १ आलं तर आपण अनुवादातून चालतोय.

एकेक फ्लॅग मोजायचा कंटाळा आला तर एक सोपी वाट आहे. २०२० मध्ये ६४ बिटांच्या एक्स८६ साठी चार पायऱ्या ठरवल्या गेल्या, व्ही१ ते व्ही४. व्ही२ म्हणजे साधारण एसएसई४.२ पर्यंत, व्ही३ म्हणजे एव्हीएक्स२ आणि त्याची भावंडं, व्ही४ म्हणजे एव्हीएक्स-५१२. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ चालवायला निदान व्ही२ लागतं. जीलिबसीच्या (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीच्या) २.३३ आवृत्तीपासून डायनॅमिक लोडरला (प्रोग्रॅमला लायब्रऱ्या जोडून देणाऱ्या भागाला) ‘--हेल्प’ दिलं की हे मशीन कोणत्या पायरीपर्यंत चढतं ते तो सरळ छापतो.

कोअर किती, हा प्रश्न त्या मानानं किरकोळ. सीपीयूइन्फोमध्ये ‘प्रोसेसर’ या ओळी मोजल्या तर थ्रेड मिळतात, कोअर नव्हे; एका कोअरवर एकाहून जास्त थ्रेड चालू शकतात. ‘एनप्रॉक’ आपल्या वाट्याला आलेले थ्रेड सांगतं. बांधकाम समांतर चालवताना मेमरीही बघा, कारण सोळा थ्रेड आणि तुटपुंजी रॅम असेल तर कंपायलर अर्ध्यावर मारला जातो.

आवाजाचं घोडं कुठे अडतं

प्रोसेसर निदान खोटं बोलत नाही. आवाजाच्या बाबतीत एकाच प्रश्नाला चार जण चार उत्तरं देतात आणि चौघंही खरं बोलत असतात. बांधण्यासाठी लायब्ररी आहे का? मशीनला साउंड कार्ड आहे का? ते वापरायची या माणसाला परवानगी आहे का? आणि मध्ये साउंड सर्व्हर, म्हणजे अनेक प्रोग्रॅमचा आवाज एकत्र करून कार्डाकडे पाठवणारा प्रोग्रॅम, बसलाय का? स्क्रिप्टनं ‘ऑडिओ आहे का’ असा एकच प्रश्न विचारला की ही चार उत्तरं एकमेकांत मिसळतात.

लायब्ररीचा प्रश्न ‘पीकेजी-कॉन्फिग’ या लायब्रऱ्यांची माहिती देणाऱ्या कमांडला विचारायचा. आल्साच्या (लिनक्सच्या आवाजाच्या व्यवस्थेच्या) हेडर फाइल असतील तर आल्साचा आधार घेऊन बांधता येईल, बस्स. बांधकाम ज्या सर्व्हरवर होतं त्याला स्पीकर तर सोडाच, साउंड कार्डही नसतं. तिथे कार्ड सापडलं नाही म्हणून ऑडिओचा आधारच वगळणाऱ्या स्क्रिप्टा मी पाहिल्या आहेत. त्यातून निघालेलं पॅकेज हजार मशीनवर जातं आणि हजारही मशीनवर मुकं राहतं. उलट, लायब्ररी आहे म्हणून कार्ड असेलच असंही नाही.

कार्डासाठी ‘/प्रॉक/असाउंड/कार्ड्स’ ही फाइल. कार्ड असेल तर क्रमांक, चौकटी कंसात छोटं नाव आणि पुढे वर्णन असतं, जसं ‘० [पीसीएच]: एचडीए-इंटेल’. नसेल तर ‘नो साउंडकार्ड्स’ अशी ओळ. आता ही ओळ नीट पाहा. कार्ड नसतानाही फाइल रिकामी नाही! ‘फाइलमध्ये काही मजकूर आहे, म्हणजे कार्ड आहे’ असं तपासणारी स्क्रिप्ट इथे हमखास फसते. जुन्या स्क्रिप्टा ‘/डेव्ह/डीएसपी’ शोधतात. ते ओएसएस या जुन्या व्यवस्थेचं दार. २००३ च्या २.६ कर्नलपासून आल्सा मुख्य झालं आणि आजच्या बहुतेक लिनक्सवर ते दार नसतंच. डिव्हाइस फाइल ‘/डेव्ह/एसएनडी’ या फोल्डरमध्ये असतात. त्यांच्या नावाच्या शेवटी ‘पी’ असेल तर ती वाजवण्यासाठी, ‘सी’ असेल तर रेकॉर्डिंगसाठी. माइक हवा असेल तर ‘सी’ची फाइल आहे का ते बघायचं, कार्ड आहे एवढ्यावर खूश व्हायचं नाही.

कार्डाचा क्रमांक कॉन्फिग फाइलमध्ये कोरून ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आज ० असलेलं कार्ड उद्या यूएसबी हेडसेट लावून बूट केल्यावर १ होऊ शकतं. कित्येक मशीनवर ० क्रमांकावर एचडीएमआय असतं, आणि मॉनिटरला स्पीकर नसेल तर प्रोग्रॅम आवाज इमानेइतबारे पाठवत राहतो पण ऐकू काहीच येत नाही. त्या चौकटी कंसातलं नाव वापरा. ‘एचडब्ल्यू:०’च्या जागी ‘एचडब्ल्यू:पीसीएच’ असं लिहिता येतं आणि ते सहसा टिकतं.

मग क्षमता. हे कार्ड ९६ किलोहर्ट्झवर चालतं का? ‘डीफॉल्ट’ किंवा ‘प्लगएचडब्ल्यू’ या नावानं विचारलंत तर उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ येणार, कारण मधला प्लग नावाचा थर हव्या त्या दराचं रूपांतर करून देतो. ऐकण्यापुरतं ते ठीक. रेकॉर्डिंग किंवा मोजमाप करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी ती दुधाची तहान ताकावर भागवणं झालं. खरं उत्तर ‘एचडब्ल्यू’ नावानंच मिळतं. ‘एप्ले’ या आवाज वाजवणाऱ्या कमांडला ‘--डंप-एचडब्ल्यू-पॅरम्स’ दिलं की कार्डाला स्वतःला काय जमतं ते छापून येतं. कार्ड न उघडता पाहायचं असेल तर एचडीए जातीच्या कार्डासाठी असाउंडमधल्या त्या कार्डाच्या फोल्डरमध्ये ‘कोडेक#०’ ही फाइल असते. तिच्यात ‘रेट्स’ या ओळीत ४४१००, ४८०००, ९६००० असे दर आणि ‘बिट्स’मध्ये १६, २०, २४ असे आकडे स्वच्छ लिहिलेले असतात.

कार्ड उघडून पाहायचं म्हटलं तर आणखी एक अडचण. साउंड सर्व्हरनं ते आधीच धरून ठेवलं असेल तर ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ अशी एरर येते. स्क्रिप्टनं याचा अर्थ ‘कार्ड चालत नाही’ असा लावू नये. एखाद्या खोलीचं दार आतून लावलेलं असलं म्हणून घर रिकामं आहे असं कुणी म्हणत नाही.

आता साउंड सर्व्हर. पल्सऑडिओ २००७ मध्ये फेडोरा या लिनक्सच्या ८ व्या आवृत्तीसोबत सर्वसामान्यांच्या डेस्कटॉपवर आलं, २०२१ मध्ये फेडोरा ३४ नं त्याची जागा पाइपवायरला दिली. पाइपवायर पल्सऑडिओची भाषा बोलतं, म्हणून ‘पीएसीटीएल इन्फो’ विचारलं की सर्व्हरच्या नावासमोर ‘पल्सऑडिओ (ऑन पाइपवायर …)’ असं येतं. पल्सऑडिओचं प्रोसेस चालू आहे का, असं शोधणाऱ्या स्क्रिप्टला इथे काहीच सापडत नाही, आणि पीएसीटीएलला विचारणाऱ्या स्क्रिप्टचं काम मात्र बिनबोभाट होतं.

पण हे सगळं ‘सुडो’ लावून, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या नावानं, चालवलं की कोसळतं. साउंड सर्व्हर सहसा लॉगिन केलेल्या माणसाचा असतो. त्याचं दार ‘/रन/यूजर/१०००’सारख्या त्या माणसाच्या खासगी फोल्डरमध्ये उघडतं. रूट म्हणून चालणारी स्क्रिप्ट पीएसीटीएलला विचारते, तिला ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ मिळतं, आणि ती निष्कर्ष काढते की इथे आवाजाची सोय नाही. पलीकडे त्याच मशीनवर गाणं वाजत असतं! परवानगीच्या बाबतीत बरोबर उलटं होतं. रूटला प्रत्येक डिव्हाइस फाइल उघडता येते, म्हणून स्क्रिप्ट म्हणते ‘सगळं ठीक’, आणि साध्या खात्यातून प्रोग्रॅम उघडला की दार बंद. आवाजाची तपासणी ज्याला प्रोग्रॅम वापरायचा आहे त्याच्या नावानंच व्हायला हवी. सुडो मूळ माणसाचं नाव ‘सुडो_यूजर’ या व्हेरिएबलमध्ये ठेवतं. निदान ते तरी वाचा.

परवानगीसाठी अनेक मार्गदर्शिका ‘ऑडिओ’ ग्रुपमध्ये खातं घालायला सांगतात. डेस्कटॉपवर बसलेल्या माणसाला सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा आणि लॉगिन सांभाळणारा भाग) तात्पुरता प्रवेश देतंच, त्यामुळे तिथे बहुधा गरज पडत नाही. दुरून एसएसएचनं आलेल्याला तो प्रवेश मिळत नाही, तिथे ग्रुप लागतो. घालताना ‘यूजरमॉड’ला ‘-एजी’ हे दोन्ही द्यायचे. नुसतं ‘-जी’ मोठ्या अक्षरात दिलं तर खातं ऑडिओमध्ये जातं खरं, पण बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपमधून बाहेर फेकलं जातं. त्यात सुडोची परवानगी देणारा ग्रुपही आला. हे काम तुमच्या स्क्रिप्टनं दुसऱ्याच्या मशीनवर केलं तर तो माणूस स्वतःच्याच मशीनवर परका होतो. त्यामुळे ही ओळ दोनदा तपासा.

ग्रुप बदलल्यावर नवं लॉगिन लागतं. ‘आयडी’ला खात्याचं नाव देऊन विचारलं तर ते नोंदवहीत बघून सांगतं, ऑडिओ आहे. नाव न देता विचारलं तर चालू सत्राचं सांगतं, ऑडिओ नाही. दोन उत्तरं वेगळी आली की वापरणाऱ्याला ‘लॉगआउट करून परत या’ एवढं सांगायचं.

ज्यांना वाजवता वाजवता रेकॉर्ड करायचं असतं त्यांच्यासाठी विलंबाचाही हिशेब आहे. २५६ फ्रेमचा बफर (आवाज तात्पुरता साठवायची जागा) ४८,००० नं भागला की ५.३ मिलिसेकंद येतात, १०२४ चा घेतला तर २१.३. छोटा बफर टिकवायचा तर प्रोग्रॅमला रिअलटाइम प्राधान्य लागतं. ‘यूलिमिट -आर’ हा आकडा शून्य असेल तर सहसा ती परवानगी मिळालेली नसते, आणि आवाज तुटायला लागला की लोक बिचाऱ्या साउंड कार्डाला दोष देतात.

स्क्रिप्ट स्वतः कुठे घसरते

दोन गोष्टी मी स्वतः रात्र घालवून शिकलो. पहिली भाषेची. प्रोसेसरची माहिती देणारं ‘एलएससीपीयू’ आणि कार्डांची यादी देणारं ‘एप्ले -एल’ यांचं आउटपुट वापरणाऱ्याच्या भाषेत अनुवादित होतं. जर्मन सिस्टिमवर एप्ले ‘कार्ड’च्या जागी ‘कार्टे’ लिहितं, आणि ‘कार्ड ०’ शोधणारी स्क्रिप्ट रिकाम्या हातानं परतते. म्हणून मजकूर वाचायच्या प्रत्येक कमांडआधी ‘एलसी_ऑल=सी’ लावायचं.

दुसरी ‘सेट -ई’ची. एरर आली की थांब, असा हा नियम. पण ग्रेपला शब्द सापडला नाही तर तो १ परत करतो, आणि शेलच्या लेखी ती एररच. एव्हीएक्स नसलेल्या मशीनवर स्क्रिप्ट चकार शब्द न काढता मध्येच संपते. ‘नाही’ हेही उत्तर आहे हे तिला सांगायला हवं. ग्रेप ‘इफ’च्या आत ठेवला की ते साधतं.

किती ठरवायचं आणि कधी

इन्स्टॉल करताना जितकं कमी ठरवाल तितकं बरं, हे माझं ठाम मत आहे. डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये जाते, व्हर्च्युअल मशीन हलतं, हेडसेट बदलतो, पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर येतं. प्रोग्रॅमच्या एकाच फाइलमध्ये साधी, एसएसईची आणि एव्हीएक्स२ ची अशी तिन्ही रूपं बांधायची आणि प्रत्येक वेळी सुरू होताना त्यानंच निवड करायची. आवाज-व्हिडिओवर प्रक्रिया करणारं एफएफएमपेग हेच करतं. जीलिबसी तर मेमरी कॉपी करण्यासारख्या साध्या फंक्शनचंही योग्य रूप प्रोग्रॅम लोड होताना निवडतं. जीसीसी या कंपायलरमध्ये ‘बिल्टइन_सीपीयू_सपोर्ट्स’ हे तयार फंक्शन आहे, सीपीयूआयडीचे बिट हातानं मोजायचीही गरज नाही. आवाजाचंही तसंच. प्रोग्रॅम सुरू होताना सर्व्हर शोधायचा, नसेल तर आल्सा, तेही नसेल तर आवाजाविना चालू राहून तसं स्पष्ट सांगायचं.

स्क्रिप्टकडे मग उरतं ते योग्य आर्किटेक्चरचं पॅकेज निवडणं, लायब्रऱ्या तपासणं, आणि जे दिसलं ते लॉगमध्ये लिहून ठेवणं. हा लॉग मनापासून लिहा. ‘ऑडिओ: नाही’ यापेक्षा ‘पीसीएच हे कार्ड सापडलं, पण या खात्याला ते उघडायची परवानगी नाही’ ही ओळ वाचणाऱ्याचे दोन तास वाचवते.

आणि हे सगळं आपल्या चांगल्या मशीनवर तपासून काही कळत नाही. साउंड कार्ड नसलेल्या व्हर्च्युअल मशीनवर स्क्रिप्ट चालवा, मग ‘एसएनडी-डमी’ हे मॉड्यूल चढवून खोटं कार्ड उभं करा आणि परत चालवा. जुन्या प्रोसेसरसाठी क्यूईएमयू या नकली प्रोसेसर उभा करणाऱ्या प्रोग्रॅमला ‘-सीपीयू नेहॅलेम’ सांगून प्रोग्रॅम त्याच्यातून सुरू करा. नेहॅलेमला एव्हीएक्स येत नाही, त्यामुळे कुठे चोरून एव्हीएक्स घुसलं असेल तर तिथेच सिगइल येतो. मग ‘ऑब्जडंप -डी’नं फाइल उलगडायची आणि ‘वायएमएम’नं सुरू होणारी रजिस्टरं कोणत्या फंक्शनमध्ये दिसतात ते बघायचं. जुन्या मशीनवरचा माझा १३२ मी शेवटी असाच शोधून काढला. आवाजाच्या कोडमध्ये त्याचा पत्ता नव्हता. सेटिंग्ज वाचणाऱ्या फंक्शनमधल्या एका साध्या लूपवर कंपायलरनं आपणहून एव्हीएक्स२ चढवलं होतं.